अर्धे दिवस शाळा, अर्धे दिवस घर: अभिजात ख्रिस्ती शिक्षण साताऱ्यात पुढे चालू ठेवता येईल का?

यवतेश्वर (प्रश्न)

नमस्कार. येत्या जून महिन्यात आम्ही टेक्ससमधून साताऱ्यास कायमचे परत येत आहोत. माझे माहेर साताऱ्याचे, सासर मिरजेचे, आणि दोन्ही घरे मराठी ख्रिस्ती आहेत. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची असेल. दोघेही सध्या डॅलसजवळच्या एका लहान खासगी ख्रिस्ती शाळेत शिकतात. त्या शाळेची घडण आपल्याकडे फारशी कोणाच्या पाहण्यातली नसल्यामुळे आधी ती सांगते आणि मग प्रश्नाकडे वळते.

मुलगी मंगळवारी व गुरुवारी शाळेत जाते, मुलगा सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी. उरलेले दिवस अभ्यास घरी होतो, परंतु तो गृहपाठ नव्हे. शाळा दर आठवड्याला एक नियोजनपत्रक पाठवते आणि त्यात घरच्या दिवसाचाही तास-तासाचा हिशेब असतो: गणिताची कोणती उदाहरणे, कोणता उतारा मोठ्याने वाचायचा, लॅटिनची कोणती रूपे म्हणून घ्यायची, विज्ञानाच्या वहीत काय काढायचे. पाठ शाळा ठरवते. तो समजावणे, तपासणे आणि खाली सही करणे हे काम आईवडिलांचे. महाविद्यालयात जसे काही दिवस तास असतात आणि बाकीचे दिवस आपले आपण वाचायचे असते, त्यावरून ही रचना घेतली आहे. टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे 1993 मध्ये सुरू झालेल्या ग्रेस प्रिपरेटरी अकॅडमीपासून ती इतरत्र पसरली.

अभ्यासक्रम अभिजात म्हणजे जुन्या युरोपीय वळणाचा आहे. लहान वयात पाठांतर व व्याकरण, बाराव्या वर्षाच्या सुमारास तर्कशास्त्र, आणि शेवटच्या वर्षांत लेखन व वक्तृत्व, अशा तीन पायऱ्या त्यात मानतात. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, बायबलमधील स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे या पुस्तकांतील वचने मुलांना तोंडपाठ असतात आणि इतिहासाच्या तासालाही शास्त्रवचनाचा धागा सुटत नाही.

माझी विचारणा अशी. साताऱ्यात किंवा सांगलीत आठवड्यातून दोन-तीन दिवसांची उपस्थिती मान्य करणारी एखादी मान्यताप्राप्त शाळा असू शकते का? नसेल, तर मुलांना पूर्णपणे घरी शिकवून पुढे दहावीला बसवता येते का? आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासदांतील, चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन असे काही लहान प्रमाणावर सुरू करण्याची तयारी दाखवली आहे, ते कायद्याच्या चौकटीत बसेल का? आणि लॅटिनचे काय करावे? मुले मराठी उत्तम बोलतात, पण वाचताना अजून अडखळतात, हेही सांगून ठेवते.

मास्तर_कोरेगावकर

ताई, जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आधी कायद्याचे बोलतो. तो नीट कळला की आपले अर्धे प्रश्न आपोआप मिटतील.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 2009 मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना 220 दिवस व 1000 तास अध्यापन झाले पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस शाळा भरली तर छत्तीस आठवड्यांत 72 दिवस होतात, तीन दिवस भरली तर 108. घरचा दिवस कितीही मनापासून पाळला तरी हजेरीपत्रकात त्याला रकाना नाही. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एखादी शाळा आपल्याला खासगीत सांगेल, "तुम्ही पाठवा तेव्हा पाठवा, हजेरीचे आम्ही बघतो." त्या वाटेला जाऊ नये. ज्या मुलांना आपण रोज सकाळी नीतिसूत्रे म्हणायला लावता, त्यांची हजेरी खोटी लागलेली असावी, हे आपल्यालाही रुचणार नाही.

टेक्ससमध्ये हे जमते त्याचे कारण तेथील कायद्यात आहे. त्या राज्यात खासगी शाळेला सरकारी मान्यता घेण्याची सक्ती नाही, आणि लीपर खटल्यात टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये घरी चालणारे शिक्षणही, ठरावीक विषय खरोखर शिकवले जात असतील तर, खासगी शाळेतच मोडते असे मान्य केले. (तो खटलाही आर्लिंग्टनच्याच शाळा-जिल्ह्याविरुद्ध होता.) त्यामुळे आठवड्याचे किती दिवस वर्गात आणि किती दिवस घरी, हा तेथे शाळा आणि पालक यांच्यातला मामला राहतो. आपल्याकडे कलम 18 प्रमाणे मान्यतेवाचून शाळा चालवताच येत नाही. चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चार-पाच कुटुंबांनी एका घरात मुले बसवून त्याला शाळेचे नाव, गणवेश आणि फी लावली, की ते या कलमाच्या कक्षेत गेले असे समजा. नोकरीतल्या शिक्षकाला मानधन देऊन बोलवावे असे कोणाच्या मनात असेल, तर कलम 28 त्याला खासगी शिकवणीची मनाई करते, हेही ध्यानात असू द्यावे.

पूर्णपणे घरी शिकवण्याबद्दल कायदा थोडा अबोल आहे. कलम 10 पालकांवर पाल्यास शाळेत घालण्याचे कर्तव्य टाकते, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. त्या फटीतून देशभर काही कुटुंबे मुलांना घरी शिकवत आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून माध्यमिक परीक्षा देता येते; राज्य मंडळाकडे 17 नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचीही सोय आहे.

माझे मत विचाराल तर दोन्ही मुलांना सरळ पूर्णवेळ शाळेत घालावे आणि आपल्याला जपायचे आहे ते घरी जपावे. एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. ही पद्धत कितीही चांगली असली तरी घरात एक शिकलेले आणि दिवसभर मोकळे माणूस आहे, हे ती गृहीत धरते. आपल्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली जे वसतिगृह काढले, ते ज्यांच्या घरात दिवाही धड नव्हता आणि वाचणारेही कोणी नव्हते अशा मुलांसाठी होते. त्या परंपरेत वाढलेल्या माझ्यासारख्याला "घर हीच अर्धी शाळा" या विचाराचे कौतुक वाटते, पण तो सगळ्यांना परवडणारा नाही, हेही दिसते.

कृष्णामाई

ताई, मी मिरजेची. बँकेतील नोकरी सोडून थोरल्या मुलाला सहावीपासून घरी शिकवले, तेव्हा कायद्याचे सरांवर सोपवून मी घरच्या दिवसाबद्दल लिहिते.

आपल्याला तेथे जे नियोजनपत्रक आयते मिळते, तेच या पद्धतीचे खरे बळ आहे, हे ते हातून गेल्यावर कळेल. काय शिकवायचे हे दुसऱ्याने ठरवलेले असते तेव्हा आई फक्त शिक्षिका असते. तेही आपणच ठरवायचे म्हटले की आई शिक्षिका, परीक्षक, मुख्याध्यापक आणि शिपाई अशी सगळी होते. त्यात आपल्याकडचे घर तिकडच्यासारखे बंद दाराचे नसते. नऊच्या ठोक्याला शेजारच्या काकू विरजण मागायला येतात, गॅसचा सिलिंडर येतो, सासऱ्यांना भेटायला मंडळीतले कोणी येते आणि "अरे, आज शाळा नाही का?" असे मुलाला विचारून अर्धा तास बसते. पाहुण्यांसमोर दार लावून घेणे आपल्याला जमत नाही आणि जमूही नये. म्हणून आम्ही वेळच बदलली. सकाळी साडेसहा ते साडेनऊ हा अवघड अभ्यास, म्हणजे गणित, व्याकरण आणि लेखन. त्यानंतर घर जागे झाले तरी चालेल असे वाचन व चित्रकला.

एक उदाहरण देते. शुद्धलेखनासाठी आम्ही एकच जाड वही ठेवली होती. डावीकडच्या पानावर मी सांगितलेला उतारा तो निळ्या शाईने लिही, आणि उजवीकडच्या पानावर मूळ पुस्तक समोर ठेवून आपल्याच चुका लाल शाईने दुरुस्त करी. मी वहीला हात लावत नसे. पहिले काही महिने उजवे पान लाल रंगाने भरून जाई, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांवरून आमची रोज हुज्जत होई. पण चूक आईने काढली की मुलाला ती बोलणी वाटतात, आणि पुस्तकाने काढली की तो मुकाट्याने सुधारतो, हे त्या वहीने मला शिकवले. आपल्या मुलांच्या मराठी वाचनासाठीही हा उपाय करून पाहावा. उतारे छोटे घ्यावेत आणि आधी दोनदा मोठ्याने वाचून घ्यावेत.

मुक्त विद्यालयाचे काम आम्हांला बरे वाटले. माध्यमिकला किमान पाच विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, मराठी माध्यम घेता येते आणि विषयांत संस्कृतही आहे. स्वाध्याय वेळेवर जमा करण्याची आठवण मात्र आपली आपणच ठेवावी लागते. पुढे एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच्या गृहस्थांनी ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि आम्हांला तीन टेबले फिरवली, पण प्रवेश झाला.

आणि एक सांगते, ते सरांनाही पटेल. मुलाचा अभ्यास घरी चांगला झाला, पण खेळगडी नव्हते. संध्याकाळी मैदानावर भेटणारी मुले शाळेतल्या गोष्टी बोलत आणि हा गप्प राही. धाकटीला मी शाळेतच घातले.

वाईकर

मी संस्कृतचा शिक्षक असल्यामुळे केवळ लॅटिनच्या प्रश्नाला उत्तर देतो, आणि ते थोडे लांबेल.

या अभिजात शाळा ज्या विचारावर उभ्या आहेत तो डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात मांडला, आणि आयडाहो राज्यातील मॉस्को नावाच्या गावी 1981 साली निघालेल्या लोगोस शाळेने तो वर्गात उतरवला. सेयर्स या रहस्यकथालेखिका होत्या आणि आपला शिकवण्याचा अनुभव अगदी तुटपुंजा आहे असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले होते, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही. तरीही त्यांचे मूळ निरीक्षण खरे आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाठ करण्यात गोडी असते, बारा-तेराव्या वर्षी ते प्रत्येक वाक्याला उलट उत्तर देते, आणि पंधराव्या वर्षाच्या पुढे त्याला स्वतःचे काही बोलावेसे वाटते. तर मग त्या-त्या वयाला त्याचे-त्याचे खाद्य द्यावे.

आता पाहा, ही वाट आपल्याला अनोळखी आहे का? आपल्या पाठशाळांत लहान मूल शब्दरूपे आणि अमरकोश पाठ करी, अर्थ बराचसा मागाहून कळे. त्यानंतर अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहासारखा छोटा ग्रंथ हाती येई आणि वादाला सुरुवात होई. काव्य आणि अलंकार हे त्याच्याही पुढचे. आमच्या वाईत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत याच वळणावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले.

आपल्या बारा वर्षांच्या मुलाला तर्कशास्त्र शिकवायचेच असेल तर ते मराठीतून असे शिकवता येईल. समोरचा डोंगर पेटला आहे, असे त्याने म्हणावे. का? कारण तेथे धूर दिसतो. धूर दिसला म्हणून काय झाले? जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून डोंगर पेटला आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे हे पाच अवयव झाले. मग त्याला विचारावे, "सकाळी यवतेश्वरावर धुके असते, त्याला तू धूर समजलास तर?" तो लगेच वाद घालू लागेल, आणि हेतू केव्हा खोटा ठरतो हे त्याचे त्यालाच सापडेल. युरोपीय अनुमानात तीनच पायऱ्या असतात. त्या त्याला तेथे शिकवल्या असतील, तर दोन्ही पद्धती शेजारी मांडून पाहण्यात त्याला फार मजा येईल.

लॅटिन मोडू नये, कारण मेहनत झालेली आहे. आठवड्यातून एखादा तास उजळणी पुरे. नवी भाषा म्हणून संस्कृत घ्यावी. लॅटिनमधील विभक्ती ज्याला कळली त्याला संस्कृतातील विभक्ती परकी वाटणार नाही, शाळेत तिचे गुण मिळतील, आणि मराठी पाठ्यपुस्तकांतील विज्ञानाच्या परिभाषेचा निम्मा त्रास त्यामुळे कमी होईल. संस्कृत घेतल्याने ख्रिस्ती संस्कारांत काही मिसळेल अशी धास्ती आपल्याला नसावी असे मी धरून चालतो.

हरभटरोड

जय ख्रिस्त. सांगलीतील आमच्या मंडळीत शब्बाथशाळेचे, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे, काम मी पाहतो. वाईकरांच्या शेवटच्या वाक्याला जोडूनच लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिले आणि ते 1616 साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर अभंग व भजने आमच्या उपासनेत आणून बसवली, आणि आयुष्याच्या अखेरीस 1917 मध्ये आपला "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा संघ साताऱ्यातच सुरू केला. तेव्हा मराठी ख्रिस्ती मुलांच्या अभिजात वाचनात काय असावे, याचे उत्तर अमेरिकेच्या ग्रंथसूचीत शोधण्याचे कारण नाही.

मुख्याध्यापक सरांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये प्रमती खटल्यात 2009 चा हा अधिनियम अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थाही त्यातून वगळल्या. असे असताना चार कुटुंबांना दंडाची भीती घालणे जरा जास्त होते.

मास्तर_कोरेगावकर

हरभटरोड, आपण दाखवलेली दोन्ही माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पुरता लागत नाही. अल्पसंख्याक दर्जा मिळवण्यासाठी आधी नोंदणीकृत संस्था हवी आणि त्या दर्जाचे प्रमाणपत्र हवे. चार कुटुंबांचे एकत्र बसणे म्हणजे अल्पसंख्याक शिक्षणसंस्था नव्हे. ते मिळाले तरी मंडळाची संलग्नता, युडायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीतील नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला यांसाठी शिक्षण विभागाकडे जावेच लागते, आणि तेथे हजेरीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. धार्मिक शिक्षणसंस्थांची सवलत म्हणाल, तर ज्या ठिकाणी गणित, विज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचे आहे ते ठिकाण प्रामुख्याने धार्मिक आहे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? भीती घालण्याचा हेतू नव्हता. खोली भाड्याने घेऊन फलक लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, एवढेच म्हणणे होते.

शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती होईल का, अशी शंका इतर वाचकांना असेल म्हणून सांगतो: घटनेच्या कलम 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत, मुलाच्या पालकाच्या संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळांनाही हे लागू आहे.

हरभटरोड

फलक लावू नये, हे मान्य. मग व्यवहारात असे करता येईल. शनिवारी बहुतेक मराठी शाळा सकाळच्या असतात. दुपारी तीन ते सहा या वेळात पाच कुटुंबांची मुले चर्चच्या सभागृहात जमावीत. एका पालकाने तर्क, एकाने वाचन, एकाने संगीत असे वाटून घ्यावे, फी नसावी. शाळेच्या वेळेबाहेर असल्यामुळे त्याला कोणाची हरकत येणार नाही, आणि कृष्णामाईंनी सांगितलेला खेळगड्यांचा प्रश्नही त्यातून सुटेल. आमच्याकडे वचनपाठांतराचा वर्ग असाच चालतो. अट एकच असावी, की प्रत्येक मुलाचे आई किंवा वडील त्या दिवशी हजर राहतील. सोडून जाणाऱ्या पालकांमुळे असे वर्ग मोडतात, हे मी पाहिले आहे.

यवतेश्वर

सर्वांचे आभार. यजमानांशी बोलून आम्ही पूर्णवेळ शाळा आणि शनिवारची दुपार या दिशेने विचार करत आहोत. मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर मुक्त विद्यालयाचा पर्याय पुन्हा पाहता येईल. कृष्णामाई, दोन शाईंच्या वहीचा प्रयोग मी येथेच सुरू केला असून पहिला उतारा दोन्ही मुलांनी मला शत्रू समजून लिहिला. सर, एक शेवटची विचारणा: शाळेत जाताना कोणती कागदपत्रे लागतील, आणि वर्ग कोणता मिळेल?

मास्तर_कोरेगावकर

वर्ग वयाप्रमाणे मिळतो, त्यामुळे मुलीला चौथीत किंवा पाचवीत आणि मुलाला सातवीत बसवतील. जन्मतारखेवरून एखादा वर्ग इकडे-तिकडे होईल. जन्माचा दाखला, तेथील शाळेची मागील दोन वर्षांची प्रगतिपत्रके, आणि मुले अमेरिकेत जन्मलेली असल्यास पासपोर्ट व ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड यांच्या प्रती बरोबर असाव्यात. घरच्या दिवसांचे ते नियोजनपत्रकही दोन-चार महिन्यांचे आणावे. मुलाची तयारी किती आहे हे गुणपत्रिकेपेक्षा त्यावरून शिक्षकांना लवकर कळेल.

मराठी हा विषय 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे, तेव्हा वाचनाची तयारी आत्ताच वाढवावी. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. त्यांपैकी एखादी मनात असेल तर जूनपर्यंत थांबू नका, अर्ज तेथूनच पाठवा.